देवपुजारी काकांची पाच मिनिटं

देवपुजारी काका बरोबर पाच मिनिटं ऐकतात. सहाव्या मिनिटाला साक्षात ब्रह्मदेव बोलायला उभा राहिला, तरी त्यालाही थांबावं लागेल. मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या घड्याळाकडे काका एकदा बघतात, हातातल्या पेन्सिलीनं जवळच्या लाकडावर दोनदा टक् टक् करतात, पेन्सिल खाली ठेवतात आणि डोळे मिटतात. पुढची पाच मिनिटं तुम्ही त्यांना शिव्या द्या नाहीतर कानाशी फटाका लावा, काही फरक पडत नाही. पाच मिनिटं झाली की डोळे उघडतात, पेन्सिल उचलतात आणि अगदी निरागसपणे विचारतात, "मग पुढे काय झालं?"

हे ते कुठंही करतात. आमच्याकडे सत्यनारायण होता. कथेत व्यापाऱ्याची नाव बुडायच्या बेतात असताना काकांनी पाटावर टक् टक् केलं. नाव बुडाली, वर आली, किनाऱ्याला लागली, काका आपले डोळे मिटून. प्रसाद घेताना गुरुजींना म्हणाले, "नावेचं पुढे काय झालं?" गुरुजी काशीला शिकलेले. त्यांना वाटलं हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि ते प्रसादाचा द्रोण हातात धरून पाऊण तास बोलले. त्यातलंही अर्धंच काकांनी ऐकलं असणार.

चौबेजींच्या आईच्या वेळचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. चौबेजी म्हणजे आमच्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. हार घातलेल्या फोटोसमोर बसून ते आईचं शेवटचं आजारपण सांगत होते. "और फिर डॉक्टर ने मुझे बाहर बुलाया, बोले..." एवढ्यात टक् टक्. पाच मिनिटांनी, सगळे डोळे पुसत असताना, काकांचा आवाज आला, "फिर आगे क्या हुआ?" मी काकांचा सदरा मागून ओढला.

काकांची ही सवय नोकरीतली, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ते तीस वर्षं विधानसभेच्या सभागृहात प्रतिवेदक होते. सदस्य बोलतात तो शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा आणि नंतर त्याची स्वच्छ प्रत करायची, हे काम. त्यामुळे जगात जे जे चालतं ते काकांच्या दृष्टीनं कामकाज. मोलकरीण आली नाही की "कामकाज तहकूब". भाजीवाल्याशी माझी घासाघीस चालली असेल तर वरून आवाज येतो, "एका वेळी एकानं बोलावं, नोंद घेता येत नाही." काकू गेल्या त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि तुलसी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून बाग सेवनियात आमच्या समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर आले. मूलबाळ नाही. इथं येऊन त्यांना आता चार वर्षं होतील.

त्यांच्या गॅलरीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर ते बसतात. दुसरीवर एक वही आणि टोक केलेली पेन्सिल असते. एकदा मी ती वही उचलून सहज तिथं टेकले, तर हा माणूस असा कासावीस झाला की मलाच घाबरायला झालं. "तिथं नको, ताई. तिथं नको." मी उठले. मनात म्हटलं, असतात एकेकाची खुळं.

आता आमच्या घराविषयी सांगायला हवं, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. मी शाळेत भूगोल शिकवते. कुठली नदी किती लांब, हे मला झोपेत विचारा. पण आमच्या नळाला पाणी कधी येईल हे मला सांगता येत नाही. एक दिवसाआड येतं, संध्याकाळी येतं, आणि वेळ त्याच्या मर्जीची. म्हणून मी पाच वाजल्यापासून पाइपाशी कान लावून फिरते. आत हवा गुरगुरली की मोटर सुरू, टाकी भरली किंवा नुसतीच हवा निघाली की "रेवा, मोटर बंद कर!" हा माझा रोजचा घोष.

रेवा म्हणजे माझी मुलगी. वय बावीस, शिक्षण बी.कॉम., लक्ष गिटारमध्ये. गच्चीवरच्या खोलीत तिचा बँड रोज पाच ते साडेसहा प्रॅक्टिस करतो. बँडचं नाव 'खाली टंकी'. खोली पाण्याच्या टाकीला लागून आहे, आणि टाकी बहुतेक वेळा रिकामीच असते, म्हणून. रेवा गाते आणि गिटार वाजवते. जुन्या शहरातून येणारा अयान ड्रम वाजवतो. शुभम नावाचा तिसरा एक आहे, तो बेस वाजवतो. त्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. पाणी दिलं तरी मानेनंच 'थँक्यू' म्हणतो.

या तिघांनी ठरवलं होतं की आपला पहिला अल्बम करायचा. आठ गाणी, सगळी स्वतःची. खोलीच्या भिंतींना माझ्या गाद्या टेकवून तिथंच रेकॉर्ड करायची. रेवानं शिकवण्या करून एक माइक घेतला होता. अयानच्या घरी एका दारात तीन बिऱ्हाडं, तिथं ड्रम न्यायची सोय नाही. शुभम होस्टेलमध्ये राहतो. म्हणजे खोली म्हणून जी काय होती ती आमचीच. मी आई म्हणून त्यांना चहा देत होते, पण खरं सांगायचं तर त्यांचं एकही गाणं मी पूर्ण ऐकलं नव्हतं. माझ्या लेखी तो आवाज होता. त्या आवाजात मला नळाचा आवाज ऐकू येत नाही, ही माझी तक्रार होती.

चौबेजींची तक्रार मोठी होती. त्यांचं घर आमच्या मागे. ड्रम सुरू झाले की त्यांच्या शोकेसमधल्या कपबश्या वाजतात. त्यांनी समितीची बैठक बोलावली. आमच्या कॉलनीचा एक जुना नियम आहे: कोणाच्याही घरातून सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त मोठा आवाज आला, तर समिती तो बंद करू शकते. मी म्हटलं, "मुलं मधे मधे थांबतात." चौबेजी म्हणाले, "नहीं थमते." मी म्हटलं, "थमते." शेवटी ठरलं की पंधरा दिवस कोणीतरी तटस्थ माणसानं लिहून ठेवायचं, आणि त्यावर रविवारी निकाल.

"देवपुजारीजी लिखेंगे," चौबेजी म्हणाले. "तीस साल यही किया है. उनका लिखा पत्थर की लकीर."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. न करते तर ती कबुलीच झाली असती. मुलं दीड दीड तास वाजवतात, हे मला ठाऊक होतं. चौबेजींपेक्षा जास्त ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी पाचला पाच कमी असताना काका गॅलरीत येऊन बसले. स्टीलच्या पेल्यात सहा पेन्सिली, टोकं वर. मांडीवर वही. पाच वाजता वर अयाननं "वन टू थ्री फोर" केलं आणि काकांचा हात चालू लागला. मी खालच्या खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. इतका सरळ बसलेला माणूस मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिलेला नाही. पाच मिनिटांनी टक् टक् केलं, डोळे मिटले. मी जरा सैल झाले. पाच मिनिटांनी पुन्हा हात सुरू. साडेसहापर्यंत हे चाललं.

"रेवा, थोडे दिवस हळू वाजवा," मी म्हटलं. "वीस मिनिटं वाजवा, थांबा, पुन्हा वाजवा."

"आई, रेकॉर्डिंग चालू आहे यार. टेम्पो तुटतो. आणि तू टेन्शन नको घेऊ ना." तिनं गिटारची तार पिळली. "ते ऐकतायत तरी. आजपर्यंत आम्हाला लगातार पंधरा दिवस कोणी ऐकलंय?"

तिचं म्हणणं मला टोचलं, पण तेव्हा विचार करायला सवड नव्हती.

तिसऱ्या दिवशी गल्लीत काकांनी रेवाला थांबवलं. तिनं घरी येऊन हसत हसत सांगितलं. काकांनी विचारलं होतं, "ते पहिलं गाणं तुम्ही रोज म्हणता, त्यात पुढे काय झालं?" रेवा म्हणाली, "काका, तुम्ही तर समोरच बसला होता!" रेवानं सांगितलं, रेकॉर्डिंग पाठवते, मागे नेऊन ऐका. तर म्हणे, "मागे कसं नेणार? सभागृह कधी मागे जातं का?" आणि निघून गेले.

रेवाला गंमत वाटली. मला वाटली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. हा माणूस पुरावा गोळा करतोय, प्रत्येक शब्दाची खात्री करून घेतोय, असं मला दिसायला लागलं.

सहाव्या दिवशी मी गोळाभात केला. काका मूळचे नागपूरकडचे, गोळाभातावर त्यांचा जीव. वर फोडणीचं तेल, सोबत कढी, असा डबा घेऊन मी दुपारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मन लावून खाल्लं. मी संधी साधली. शाळेत इन्स्पेक्टरसमोर बोलते तशी तयारी करून गेले होते. मुलगी किती मेहनत करते, माइकसाठी किती शिकवण्या केल्या, ही खोली गेली तर अल्बम गेला, आणि अल्बम गेला तर ही पोरं तीन दिशांना जातील. मी म्हटलं, "म्हणून काका, माझी एकच विनंती आहे, तुम्ही त्या वहीत..."

टक् टक्.

त्यांनी डोळे मिटले. मी कढीच्या वाटीकडे बघत पाच मिनिटं बसून राहिले. वाटलं, ती कढी त्यांच्या डोक्यावर ओतावी. डोळे उघडून ते म्हणाले, "मग पुढे काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "डबा द्या."

तेवढ्यात खाली गॅस सिलिंडरवाला आला आणि काका जिन्यानं उतरले. वही टेबलावर होती. मी सभ्य बाई आहे, पण त्या दिवशी नव्हते. मी वही उघडली. लघुलिपी मला कुठून येणार? नुसत्या आकड्या, टिंबं, वाकडे पाय. पण एक गोष्ट विचित्र होती. दोन पानं भरलेली, मग दोन पानं कोरी. पुन्हा दोन भरलेली, दोन कोरी. कोऱ्या पानांवर वर फक्त वेळ घातलेली, "५.०५", आणि शेजारी देवनागरीत दोन अक्षरं: "सु. दे."

ही पानं कोरी का? नंतर भरायला? कोणाला विचारून भरणार होते? पायऱ्यांवर चपला वाजल्या तशी मी वही होती तशी ठेवली आणि डबा घेऊन घरी आले. उरलेले नऊ दिवस मला धड झोप लागली नाही. शाळेत सहावीच्या वर्गाला मी नर्मदा बंगालच्या उपसागराला मिळवली. एका मुलीनं हात वर करून दुरुस्त केली.

रविवारी अकरा वाजता सामुदायिक भवनात सगळी कॉलनी आली. कोणाचं काही बंद होणार असेल तर आमच्याकडे उपस्थिती चांगली असते. रेवा, अयान आणि शुभम मागच्या रांगेत बसले होते. अयान मांडीवर बोटांनी ड्रम वाजवत होता. "आंटी, खां, टेन्शन मत लो," असं त्याच्या भागातलं 'यार'सारखं 'खां' लावून मला म्हणाला आणि स्वतः घामानं भिजला होता. तीन गाणी रेकॉर्ड व्हायची राहिली होती. आज खोली बंद झाली असती, तर अल्बम पाच गाण्यांवर संपला असता. रेवा माझ्याकडे बघत नव्हती.

काका उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात वही आणि तिची स्वच्छ प्रत. सगळं हिंदीत, एका सुरात, चढ नाही, उतार नाही, असं वाचायला लागले:

"पहला दिन. सायं पाँच बजे कार्यवाही प्रारंभ. वन टू थ्री फोर. ढोल. छह बाल्टी, दो तसले, एक टूटा हुआ टब. अम्मा कान लगाए बैठी, नल बोलेगा कब. व्यवधान. नीचे से महिला का स्वर: रेवा, मोटर बंद कर!"

भवनात हशा पिकला. काका थांबले, हशा संपू दिला, आणि पुढे वाचू लागले.

"पीछे की खिड़की से पुरुष का स्वर: बंद करो ये तमाशा, कप गिर जाएँगे. ढोल जारी. अम्मा कान लगाए बैठी. फिर एक दिन..." त्यांनी पान उलटलं. "पाँच बजकर पाँच मिनट. आगे, पाँच बजकर दस मिनट."

दुसरा दिवसही तसाच. तिसराही. रोज सहा बादल्या, रोज दोन घमेली, रोज तुटका टब, रोज माझी मोटर, रोज चौबेजींच्या कपबश्या, आणि पाच वाजून पाच मिनिटांनी रोज "फिर एक दिन". पहिल्या दोन दिवसांना लोक हसले. नंतर ऐकू लागले. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "फिर एक दिन क्या?" मी म्हटलं, "श्श्." मला कुठं माहीत होतं!

चौबेजींनी हात वर केला. "देवपुजारीजी, ये बीच-बीच के पाँच मिनट कहाँ हैं?"

"वह मेरी पारी नहीं थी."

"तो किसकी थी?"

"दूसरे प्रतिवेदक की. वे उपस्थित नहीं हैं."

चौबेजींचा चेहरा लाल झाला. "अरे, आप वहीं बैठे थे! पूरी कॉलोनी ने सुना, बिना रुके डेढ़ घंटा बजाते हैं!"

"सबने सुना होगा," काका शांतपणे म्हणाले. "मैंने नहीं लिखा. जो मैंने लिखा नहीं, वो हुआ, ऐसा मैं नहीं कह सकता."

मग समितीतले एक वयस्कर गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "रिकॉर्ड के हिसाब से तो एक बार में पाँच मिनट से ज़्यादा शोर हुआ ही नहीं." कोणीतरी मागून म्हणालं, "पत्थर की लकीर!" आणि पुन्हा हशा झाला. चौबेजींचा शब्द त्यांच्याच गळ्यात पडला. पंधरा मिनिटांच्या वादावादीनंतर निर्णय झाला: पाच ते साडेसहा परवानगी, मागच्या खिडकीला जाड गादी. रेवानं अयानला मिठी मारली. शुभम "येस!" असं ओरडला. म्हणजे त्याला बोलता येत होतं.

मी धावत काकांना गाठलं. ते त्यांच्या जिन्यात होते. मला आनंद आवरत नव्हता. मी म्हटलं, "काका, काय डोकं चालवलंत! ती कोरी पानं! एकही खोटा शब्द न लिहिता पोरांना वाचवलंत. मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं..."

ते पायरीवर थांबले. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मंजूताई, मी नोंदीत लबाडी करत नाही. तीस वर्षांत केली नाही. पोरांसाठीही करणार नाही."

"मग ती पानं?"

ते वर निघाले. मी मागोमाग गेले. गॅलरीत आपल्या खुर्चीवर बसले, दुसऱ्या खुर्चीवरची वही उचलली आणि उघडून माझ्यापुढे धरली. ती संपूर्ण कोरी होती. प्रत्येक पानावर वर वेळ घातलेली आणि तीच दोन अक्षरं.

"सुमती देवपुजारी," ते म्हणाले. "माझ्यानंतर तिची पाळी असायची."

काकू नोकरी करत होत्या, एवढंच मी ऐकलं होतं. कुठं, ते मी चार वर्षांत विचारलं नव्हतं. काका सांगायला लागले, तेव्हा पहिल्यांदाच घड्याळ न बघता बोलले. सभागृहात एकच माणूस दिवसभर लिहू शकत नाही, हात मोडून येतो. म्हणून पाच पाच मिनिटांच्या पाळ्या. आपली पाळी संपली की पेन्सिलीनं टेबलावर दोनदा वाजवायचं. पुढच्यानं लिहायला घ्यायचं आणि आपण उठून आतल्या खोलीत प्रत करायला जायचं. यादीत 'देवपुजारी व.' म्हणजे काका, आणि त्यांच्यानंतर 'देवपुजारी सु.' म्हणजे काकू.

"मी उठायचो, ती बसायची," काका म्हणाले. "ती माझ्या पाठीमागे उभी असायची, मला न बघताही कळायचं. तीस वर्षं, ताई, मी तिची पाच मिनिटं कधी ऐकली नाहीत. मी आत प्रत करत असायचो. संध्याकाळी घरी चहा टाकायचो आणि विचारायचो, मग पुढे काय झालं? ती सांगायची. एकदा एक मंत्री राजीनामा देतो म्हणून उभे राहिले, आणि माझी पाळी संपली. दिला की नाही, मला संध्याकाळी कळलं."

"दिला?"

"छे. पाच मिनिटं रडले आणि खाली बसले. तिनं ते असं करून दाखवलं..." ते हसले, आणि मग हसू तसंच राहून गेलं. "ती गेल्यावर मी प्रयत्न केला बरं का. मला काय ऐकू येत नाही असं थोडंच आहे? पण सहावं मिनिट लागलं की वाटतं, हे तिचं आहे. ते मी ऐकून टाकलं, तर तिनं मला सांगायचं काय?"

चौबेजींच्या आईच्या फोटोसमोर मी यांचा सदरा ओढला होता. गोळाभाताच्या दिवशी कढी ओतायला निघाले होते. मला माझीच लाज वाटली.

काकांनी डोळे पुसले आणि एकदम पुढे झुकून, लहान मुलासारखे अधीर होऊन विचारलं, "ते जाऊ द्या. तुम्ही तर गाणाऱ्या मुलीची आई. पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागलाय. त्या बाईचं काय झालं? फिर एक दिन, म्हणजे काय? पाणी आलं का?"

त्या खोलीच्या खाली राहणारी, त्या मुलांना रोज चहा देणारी, त्या गाण्यासाठी नऊ रात्री जागणारी मी. मला माहीत नव्हतं.

अल्बम आता आला आहे. आठही गाणी झाली. चौबेजींच्या नातवानं तो चौबेजींच्याच टीव्हीवर लावला, असं ऐकते. पण मी सांगतेय ती त्या सभेच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट.

सोमवारी पाचला दहा कमी असताना मी काकांच्या गॅलरीत गेले. पाच वाजता "वन टू थ्री फोर" झालं, काकांचा हात चालू लागला. मी त्या दुसऱ्या खुर्चीच्या मागे उभी राहिले आणि पहिल्यांदा माझ्या मुलीचं गाणं ऐकलं. सहा बादल्या आमच्याच होत्या. तुटका टब आमचाच. पाइपाला कान लावून बसलेली अम्मा कोण, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. मला वाटत होतं ती पोर माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

"फिर एक दिन..." टक् टक्.

"बसू?" मी विचारलं.

काकांनी डोळे मिटले नाहीत. किती तरी वेळ खुर्चीकडे बघत राहिले. वर रेवाची गिटार एकटीच वाजत होती. मग त्यांनी खुर्चीवरची वही उचलली, माझ्या हातात दिली आणि मगच डोळे मिटले.

मी बसले. मला लघुलिपी येत नाही. मी आपली फळ्यावर लिहिते तशी भराभर खरडत गेले. निम्मे शब्द सुटले. वर "सु. दे." होतं, त्याला मी हात लावला नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा मी पेन्सिलीनं खुर्चीच्या हातावर दोनदा वाजवलं. काकांनी लगेच लिहायला घेतलं.

पावणेसहाला मुलं चहासाठी थांबली. काकांनीही चहा टाकला. दोन कप घेऊन आले, बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग पुढे काय झालं?"

मी वही उघडली आणि वाचलं, "फिर एक दिन नल बोला तो अम्मा ने बाल्टी नहीं लगाई. थोड़ी देर बस सुनती रही. फिर सबको आवाज़ लगाई: आ जाओ, पानी आ गया."

"आलं," काका म्हणाले.

"आलं, काका."

त्यांनी कप खाली ठेवला. "चार वर्षं झाली, ताई," ते म्हणाले. "मला कोणी पुढचं सांगितलं नव्हतं." आणि मग ते मोकळेपणी रडले. मी त्यांना थांबवलं नाही. मीही रडत होते.

सहा वाजता पुन्हा ड्रम सुरू झाले. काकांची पाच मिनिटं झाली, टक् टक् झालं, मी पेन्सिल घेतली. दोन-तीन ओळी लिहिल्या असतील नसतील, खाली आमच्या अंगणात पाइप गुरगुरला. मग नळ फुरफुरला आणि रिकाम्या बादलीत पाणी पडायला लागलं. गच्चीवरून रेवा गाणं मधेच सोडून ओरडली, "आई, पाणी! मोटर लाव!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं, "व्यवधान." उठले मात्र नाही. माझी पाळी संपायला अजून तीन मिनिटं होती.